अडतीसपैकी चौतीस ‘उत्तम’

पत्र:

‘बाई, सा. न. वि. वि. मी हिंगोली जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे. केंद्रात ९ शाळा, ३८ शिक्षक. मुख्याध्यापक म्हणाल तर बहुतेक ठिकाणी प्रभारी. मागच्या आठवड्यात वरून आदेश आला की, केंद्रातील शिक्षक व मुख्याध्यापकांच्या तंत्रज्ञान कौशल्याची पडताळणी करून अहवाल ८ दिवसांत सादर करावा. मी एका तरुण शिक्षकाकडून गूगल फॉर्म तयार करून घेतला. २० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय : उत्तम, चांगले, साधारण, येत नाही. ३८ पैकी ३४ जणांनी वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर टिक केली. त्यातल्या तिघांचा फॉर्म दुसऱ्यानंच भरलाय, हे मला पक्कं माहीत आहे. ५५ वर्षांचे एक गुरुजी माझ्याहून सेवाज्येष्ठ. त्यांनी फॉर्म भरलाच नाही. म्हणाले, “तीस वर्षं लेकरं शिकवली, आता मोबाईलवर माझी परीक्षा घेता का?” अहवाल असाच पाठवला तर खोटा. खरं लिहिलं तर माझीच माणसं अडचणीत येतात. काय करावं?

ता. क. : एक्सेल मला स्वतःलाच नीट येत नाही. हे कृपया छापू नये.’

सर, नमस्कार.

ताजा कलम छापू का, असं तुम्हाला विचारलं तेव्हा दोन दिवस तुमचं उत्तर नव्हतं. मग ‘नाव नको, बाकी चालेल’ एवढाच निरोप आला. बरं केलंत. तुमच्या सगळ्या पत्रात कामाची ओळ तीच आहे. तिच्याकडं शेवटी येते.

आधी त्या ३४ जणांचं. त्यांच्यावर रागावू नका. सरकारी नोकरीत ‘माहिती सादर करा’ असा कागद आला की माणूस आधी एकच हिशेब करतो : याचं पुढं काय होणार? एमएस-सीआयटी या संगणक परीक्षेचं प्रकरण आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. प्रमाणपत्र वेळेत नाही म्हणून वेतनवाढी अडकल्या, काहींकडून वसुली निघाली. ती आठवण ज्याच्या डोक्यात आहे तो ‘येत नाही’वर कशाला टिक करील? त्यानं ‘उत्तम’ लिहिलं ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही. सेवापुस्तकात लाल शेरा पडू नये म्हणून.

आणि प्रमाणपत्राचं म्हणाल तर माझंच सांगते. मी एमएस-सीआयटी चांगल्या मार्कांनी पास झाले. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलं. पुढं दीड महिन्यानं घटक चाचणीचे गुण शाळेच्या संगणकावर भरले, दोन दुपारी बसून. तिसऱ्या दिवशी फाईल सापडेना. मी ती कुठं सेव्ह केली हेच मला माहीत नव्हतं, कारण ‘सेव्ह’ दाबलं की संगणकाला आपोआप कळतं, अशी माझी समजूत. शेवटी शाळेच्या शिपायाचा अकरावीतला मुलगा आला आणि त्यानं अर्ध्या मिनिटात शोधून दिली. त्या दिवशी कोणी मला फॉर्म दिला असता तर मीही ‘उत्तम’च लिहिलं असतं. कपाटात पुरावा होता ना.

भीती बाजूला ठेवली तरी माणूस स्वतःला नीट मोजू शकत नाही. अमेरिकेत डनिंग आणि क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांच्या तर्कशास्त्राच्या, व्याकरणाच्या चाचण्या घेतल्या आणि तुम्ही कितव्या जागी असाल, असंही विचारलं. सगळ्यात तळाचा जो चौथा हिस्सा होता, तो सरासरीनं १०० पैकी १२ जणांच्याच पुढं होता. त्यांचा स्वतःचा अंदाज होता ६२ जणांच्या पुढं. वरच्या हिश्श्यातल्या मुलांनी उलट स्वतःला थोडं कमीच लेखलं. तेव्हा तुमच्या केंद्रात सरसकट ‘उत्तम’ न लिहिणारे जे चौघं, त्यातले गुरुजी सोडून जे तीन उरतात, ते कोण आहेत ते बघा. माझा अंदाज असा की त्यात तुमचे एक-दोन खरे जाणकार निघतील. ज्याला यंत्राची खोली कळली तोच पायरी चढताना जपून पाऊल टाकतो.

आता तुमचे २० प्रश्न. तुम्ही फॉर्मची प्रत पाठवलीत म्हणून बोलते. ईमेल पाठवता येतो का, पीपीटी करता येते का, प्रिंट काढता येते का, झूम जोडता येतं का. सगळे प्रश्न यंत्राचे. एकातही लेकरू नाही. युनेस्कोनं शिक्षकांसाठी एक चौकट केलेली आहे, पहिली २००८ ची, तिसरी सुधारित २०१८ ची. तिच्यात शिक्षकाच्या कामाचे सहा भाग धरलेत : धोरण समजणं, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन, शिकवण्याची पद्धत, डिजिटल कौशल्यं वापरणं, वर्गाची आणि शाळेची व्यवस्था, आणि स्वतःचं शिकत राहणं. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, म्हणजे एकूण १८ खण. यंत्र हाताळण्याचा भाग सहापैकी फक्त एक. तुमचा अख्खा फॉर्म त्या एका भागात मावतो. ही चौकट जशीच्या तशी उचलून केंद्रात वाटा असं मी म्हणत नाही, वाटलीत तर ३८ जण १८ खणांत ‘उत्तम’ लिहितील. तुमचा फॉर्म कशावर बोट ठेवत नाही, एवढं कळायला ती उपयोगाची आहे.

एक बाई आठवतात. बीडच्या डोंगरपट्ट्यात, बालाघाटावर, एका तांड्यावर दोन शिक्षकी शाळा. दिवाळीनंतर अर्धा पट रिकामा होतो, आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर. काही लेकरं आजीजवळ राहतात. मी गेले तेव्हा बाई म्हणाल्या, ‘मला त्या कॉम्प्युटरमधलं काही येत नाही बरं का.’ आणि बोलता बोलता दुसरीतल्या एका मुलीला जवळ घेतलं, पुस्तकातला उतारा वाचायला लावला, व्हॉट्सॲपवर तिचा आवाज घेतला आणि कोल्हापूरकडं कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत राहणाऱ्या तिच्या आईला पाठवला. प्रत्येक सोमवारी एका लेकराचं असं चालायचं. फोनमध्ये त्या मुलीचे ऑगस्टपासूनचे आवाज ओळीनं होते. बाईंनी मला ऑगस्टचा ऐकवला, मग त्या दिवसाचा. ऑगस्टमध्ये ती अक्षर अक्षर सोडवत होती, आता स्वल्पविरामाला थांबत होती. वाचनाच्या प्रगतीची नोंद याहून चांगली मी कुठल्या पोर्टलवर बघितलेली नाही. तुमच्या फॉर्मवर या बाई २० पैकी १५ ठिकाणी नापास होतात.

म्हणून विचारू नका, करायला लावा. आणि करायला लावायचं ते रोजचंच काम असू द्या. महिन्याची शिक्षण परिषद तुमच्या हातात आहे. एरवी तिथं परिपत्रकं वाचून होतात, चहा-पोह्यानंतर निम्मे लोक मोटारसायकलची किल्ली फिरवत बसतात. एका परिषदेची दुपार याला द्या. भाषण नको, प्रोजेक्टर नको. जोड्या करा, पण एकाच शाळेतले दोघं एका जोडीत नकोत आणि तरुणाला ज्येष्ठाचा परीक्षक करू नका. दोघांनी एकमेकांचं काम बघायचं. स्वतःचाच फोन वापरायचा, कारण शाळेत तोच असतो.

कामं काय द्यावीत? मी असती तर तीन दिली असती.

पहिलं : बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर स्कॅन करून निघालेला एक व्हिडिओ बघा आणि उद्या वर्गात दाखवाल की नाही, का, ते दोन वाक्यांत सांगा. स्कॅन करणं हे काम नव्हेच, ते सातवीतलं पोर करतं. ‘नाही दाखवणार, कारण यात गणित सोडवूनच टाकलंय, लेकरांना विचार करायला जागाच नाही’ असं जो म्हणेल, त्याच्या नावापुढं मी दोन चांदण्या काढीन.

दुसरं : एका वर्गाचे गुण द्या. २४ मुलं, वजाबाकीची ५ उदाहरणं, कोणाचं कोणतं चुकलं याचा तक्ता. प्रश्न एकच : हातच्याच्या वजाबाकीत अडकलेली मुलं कोणती, आणि उद्या त्यांना काय द्याल? कोणी एक्सेलच्या शीटमध्ये गाळणी (फिल्टर) लावून शोधील, कोणी कागदावर रेघा मारून. दोन्ही चालेल. ज्यांना कागदावरही शोधता येत नाही त्यांची अडचण संगणकाची नाहीच, त्यांना संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवून उगं पेट्रोल जाळू नका. माझ्या बघण्यात ही गल्लत सगळ्यात जास्त होते. शिकवण्यातलं दुखणं असतं आणि औषध मात्र मशीनचं दिलं जातं.

तिसरं काम सगळ्यांनी करायचं, तुम्हीसुद्धा. सगळ्यांच्या फोनवर, आपला पगार ज्यावरून निघतो त्या शालार्थ प्रणालीच्या नावानं एक बनावट संदेश दाखवा : ‘आपले शालार्थ केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री वेतन थांबेल, खालील फाईल उघडा.’ काय कराल? या एका प्रश्नावर खोलीत किती शांतता पसरते बघा. फाईल उघडली, पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे किती जणांना माहीत आहे तेही कळेल. याच जोडीला मुलांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आपली जी सवय आहे तिचाही विषय काढा. ‘अर्जंट पाठवा’ म्हटलं की आपण ग्रुपवर काय काय टाकतो, ते आठवलं तरी कसंतरी होतं.

नोंद कशी ठेवायची? उत्तम-चांगले-साधारण हे शब्द सोडून द्या. त्यांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा. त्याऐवजी चार रकाने : ‘दुसऱ्याकडून करवून घेतो’, ‘विचारून करतो’, ‘स्वतः करतो’, ‘दुसऱ्याला शिकवतो’. यात कोणाची अब्रू जात नाही आणि खोटं बोलायला जागाही फारशी उरत नाही, कारण समोर काम झालेलं असतं. पाचवा एक रकाना मात्र विसरू नका : ‘येतं, पण साधन नाही’. मराठवाड्यात हा रकाना फार मोठा भरतो. बिल थकलं म्हणून वीज तोडलेली शाळा, ग्रामपंचायतीनं दिलेला टीव्ही चोरी होईल म्हणून कपाटात कुलूपबंद, नेटवर्कसाठी मारुतीच्या पारावर जाऊन उभं राहणारे सर. त्यांना ‘कौशल्य कमी’ असा शेरा मारणं म्हणजे विहीर आटली म्हणून रहाटाला दोष देणं.

आता मुख्याध्यापकांकडं येऊ. तुमच्या पत्रात त्यांचं फक्त नाव आलं, पुढं सगळं शिक्षकांवरच गेलं. असंच होतं, पडताळणी नेहमी खालच्या पायरीची.

मुख्याध्यापकाला पीपीटी येते का, हे विचारूच नका. शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या इस्टी (ISTE) या संस्थेनं २०१८ मध्ये शाळाप्रमुखांसाठी पाच मानकं मांडली. सगळ्या मुलांपर्यंत साधन पोचतं का, पुढचा विचार करून योजना आखली का, शिक्षकांना करून बघायची मोकळीक आहे का, व्यवस्था नीट बसवली का, आणि हा माणूस स्वतः शिकतो का. बटणं दाबण्याचं एकही नाही. मला ते पटतं. पण आपल्याकडं त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो मी अगदी सोप्या शब्दांत विचारते : शाळेच्या लॉगिनचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

हसू नका. सगळ्या शाळांत विचारून बघा. कुठं बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांच्या नंबरवर येत असेल, ते आता दुसऱ्या जिल्ह्यात, आणि यू-डायसची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची शाळेची माहिती भरायची तर आधी त्यांना फोन, ‘सर, जरा बघा बरं आलाय का’. कुठं शाळेतल्या सगळ्यात तरुण मॅडमच्या फोनवर, म्हणजे शाळेचा कारभार त्यांच्या रजेवर अवलंबून. आणि कुठं तालुक्याच्या ऑनलाईन सेंटरवाल्या पोराकडं. असं एक दुकान मी स्वतः बघितलंय. स्टॅपलरशेजारी दोनशे पानी वही, तिच्यात ओळीनं शाळांची नावं, समोर युजर आयडी आणि पासवर्ड, काही शाळांच्या पुढं पेन्सिलनं ‘५० रु. बाकी’. पोरगा सालस होता, कामात चोख होता. पण माझ्या डोळ्यांसमोर दोनेक हजार लेकरांची नावं, जन्मतारखा, आधार नंबर त्या वहीच्या किल्लीनं उघडे होते. त्या शाळांचे मुख्याध्यापक फॉर्मवर ‘ऑनलाईन कामकाज : उत्तम’ लिहीत असणार, आणि ते खोटंही नाही. काम वेळेत होतंच होतं.

तर मुख्याध्यापकांची पडताळणी त्यांच्या खुर्चीत बसून करा. परिषदेत सगळ्यांसमोर नको. शाळाभेटीला जाताच, तर त्याच वेळी. ‘सर, आपलं यू-डायस उघडून दाखवता का?’ एवढंच म्हणा. उघडता आलं तर विचारा, यातला पाचवीचा पट आणि हजेरीपत्रकातला पट जुळतो का, नसेल तर का नाही. पोषण आहाराची आजची नोंद कोणी केली? शाळेत किती टॅब आले, किती चालू, शेवटचा कधी कोणत्या वर्गानं वापरला? या प्रश्नांची उत्तरं द्यायला संगणक लागत नाही, शाळेवर लक्ष लागतं. एका शाळेला पाऊण तास पुरतो. नऊ शाळा, तुमच्या रोजच्या फिरतीत तीन आठवडे.

आठ दिवसांचं काय, असं तुम्ही म्हणणार. अहवाल रोखून धरू नका, त्यानं तुम्हालाच नोटीस. जो फॉर्म भरून आलाय त्याचीच संख्या पाठवा, पण मथळा असा द्या : ‘शिक्षकांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार’. ज्या तिघांचे फॉर्म दुसऱ्यानं भरलेत ते त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्या किंवा वगळा, आणि वगळल्याचा आकडा लिहा. खाली एक ओळ : ‘प्रत्यक्ष कार्यावर आधारित पडताळणी पुढील शिक्षण परिषदेत व शाळाभेटींत करण्यात येईल, तिचा गोषवारा स्वतंत्रपणे सादर करू.’ ही ओळ वाचून गटशिक्षणाधिकारी तुम्हाला बोलावतील तर चांगलंच आहे, चहा पीत समजावून सांगता येईल. दुसरा अहवाल जाईल त्यात नावं घालू नका. ‘३८ पैकी ११ जण गुणांचा तक्ता विचारून करतात, ६ जण दुसऱ्याकडून करवून घेतात, ४ शाळांत वीज नाही’, अशा थाटात आकडे द्या. कोणाला कशाचं शिकवायचं हे ठरवायला वर एवढं पुरतं. नावं तुमच्या वहीत, आणि ती वही तुमच्या पिशवीत. हे परिषदेच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा आणि पाळा. एकदा जरी ती वही गोपनीय अहवालाच्या वेळी बाहेर निघाली, तर पुढची दहा वर्षं तुम्हाला केंद्रात सगळीकडं ‘उत्तम’च दिसेल.

शिकवण्याची सोयही याच आकड्यांतून निघते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते तास सरसकट सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून ‘कॉम्प्युटरची ओळख’ ऐकवण्यात घालवायचे, की त्या ६ जणांना ‘दुसऱ्याला शिकवतो’ रकान्यातल्या दोघांच्या शेजारी बसवायचं, हे तुम्हाला आता ठरवता येईल.

राहिले गुरुजी. त्यांच्याकडं फॉर्म घेऊन जाऊ नका. तुम्ही त्यांच्याहून धाकटे आहात, पद मोठं असलं तरी. दुपारच्या सुट्टीत जा, लेकरांच्या पंगतीत बसून खिचडी खा आणि विचारा, ‘गुरुजी, या मोबाईलनं तुम्हाला सगळ्यात जास्त कुठं छळलंय?’ तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तंत्रज्ञानाचा राग नसतो, कोणीतरी पोरवयाचा माणूस चारचौघांत ‘अहो सर, असं नाही, असं’ म्हणून हातातून फोन काढून घेतो त्याचा असतो. ते आधी तासभर पोर्टलला शिव्या देतील. ऐकून घ्या, निम्म्या खऱ्या असतील आणि वर कळवण्याजोग्याही. मग वजाबाकीचा तो २४ मुलांचा तक्ता त्यांच्यापुढं ठेवा. कागदावरच. मला वाटतं, ते नुसतं बघून सांगतील कोणतं लेकरू का अडकलंय. ते सांगतायत ते लिहून घ्या आणि परिषदेत त्यांच्या तोंडून सगळ्यांना ऐकवा. फोन त्यांच्या हातात नंतर येऊ द्या, नाही आला तरी त्यांच्या रकान्यात ‘विचारून करतो’ लिहायला तुम्हाला अडचण नाही, कारण आता ते तुम्हाला विचारतील.

आणि एक्सेल. परिषदेच्या दिवशी पहिली जोडी तुमची. समोरची खुर्ची ओढून बसा, तो वजाबाकीचा तक्ता स्वतः उघडा, अडलं तिथं मोठ्यानं ‘मला हे येत नाही, सांगा कोणीतरी’ म्हणा, आणि फळ्यावर तुमच्या नावापुढं ‘विचारून करतो’ असं तुमच्याच हातानं लिहा. त्यानंतर बाकीच्या ३८ जणांना काय लिहायचं ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. घरी सराव करायचा असेल तर महिन्याच्या किराण्याचा हिशेब शीटमध्ये मांडा, बेरीज, सरासरी आणि गाळणी एवढं आलं तरी केंद्रप्रमुखाचं निम्मं काम निघतं. माझं तरी तेवढ्यावरच निघालं.

त्या परिषदेला गुरुजी आले का, ते मात्र कळवा.